मदत हवी आहे : गलवाननंतरही चीनचा माल वाढला कसा?

मंडळी, आमच्या वाचनालयात भारत-चीन स्पर्धेवर बोलायचं कबूल करून बसलोय. सीमेची बाजू जमली. गाडं अडलंय ते व्यापारापाशी.

नोव्हेंबर २०१९ मध्ये आपण आरसेपमधून (आशिया-पॅसिफिकमधल्या देशांचा मुक्त व्यापार करार) बाहेर राहिलो, तेही बरंचसं चिनी मालाच्या धास्तीनं. एप्रिल २०२० मध्ये सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली, जूनमध्ये गलवानची चकमक, लगोलग ५९ चिनी ॲपवर बंदी. तरी २०२४-२५ मध्ये चीनशी व्यापारतूट ९९ अब्ज डॉलरच्या घरात! (दिवाळीच्या माळांवर बहिष्काराचे मेसेज मात्र दरवर्षी न चुकता येतात.) माझ्या मते खरी मेख माळांत नाही, कच्च्या मालात आणि सुट्या भागांत आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीननं काही रेअर अर्थ चुंबकांना (दुर्मिळ मृदा धातूंचे, गाड्यांच्या मोटरींत लागणारे) निर्यात परवाना लावला, तर इथले गाड्यांचे कारखानदार हवालदिल. चुंबक केवढासा, पण तो कुठे वापरणार हे लेखी द्यायचं!

भोसरी-चाकणकडे मोटारी किंवा औषधांच्या कच्च्या मालाच्या खरेदीत कुणी आहे का? जपानकडून घेतलं तर भावात किती फरक पडतो? आणि व्हिएतनामहून येणारा माल खरंच तिथलाच असतो, की फक्त खोकं बदलतं?