पुणे, सिंहगड रस्ता, तळमजला: पुराआधी काय करून ठेवावं?

तळमजलेकर: एकतानगरीजवळ टू बीएचके, आईबाबा सत्तरीपुढचे. दाराला अडीच फुटी लोखंडी फळी बसवायचा विचार आहे. पुरेल का?

पाना_पकड: फळी नंतर. मुठा नदी फुगली की ड्रेनेजचे चेंबर उलटे भरतात आणि पाणी आधी नहाणीतून, कमोडमधून वर येतं. ११० मिमीच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा, बाण चेंबरकडे. पण सामाईक लाइनवर अजिबात नको! झडप मिटली की वरच्या मजल्यांचे फ्लश तुमच्याच बाथरूममध्ये उसळतील. तुमची लाइन चेंबरपर्यंत वेगळी न्या, व्हॉल्व्ह तिच्यावरच. मे अखेरीस झाकण उघडून साफ करा. एखादी चिंधी अडकली तरी झडप पुरती मिटत नाही. तोवर जुगाड म्हणून नहाणीच्या जाळीवर रबरशीट आणि वर वाळूची पिशवी. चार इंची तोंडावर फूटभर पाणी साधारण अडीच किलोने वर रेटतं, तीन फुटांना दहा किलो पुरेत.

ओढाकाठ: +१. फळीबाहेर प्लॅस्टिक आणि गोण्या. गोणी निम्मीच भरा; ठासून भरलेली दगडासारखी बसते, फटी राहतात. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सेफ्टी कॅप लावा आणि खिडकीच्या गजाला बांधा. भरलेलाही तरंगतो, कारण वजन तीसेक किलो आणि आकार त्याहून जास्त लिटरचा.

विसर्गवाला: पेपरातला खडकवासला साखळीतल्या चारही धरणांच्या साठ्याचा एकूण टक्का बघून निर्धास्त राहू नका. खडकवासला जेमतेम १.९७ टीएमसीचं (अब्ज घनफूट), वरची पानशेत-वरसगाव धरणं भरायच्या आधीही त्यातून विसर्ग सुरू होतो. खडकवासल्याच्या विसर्गाचा क्युसेकचा (सेकंदाला घनफूट) आकडा आणि वेळ पाहा. २५ जुलै २०२४ला तुमच्याच भागात पाणी शिरलं होतं. ओढ्याकाठच्यांना मात्र हा आकडा कामाचा नाही. २५ सप्टेंबर २०१९ला आंबिल ओढा फुगला तो वरच्या भागातल्या पावसाने.

तळमजलेकर: धन्यवाद, फळीची ऑर्डर थांबवली. इन्व्हर्टर जमिनीवरच आहे. पाणी आलं की मेन स्विच पाडला की झालं ना?

पाना_पकड: नाही! मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो त्याच्या जोडणीतल्या पॉइंटना २३० व्होल्ट देत राहतो. आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन, आणि दोन्ही पाय कोरडे असतानाच. बॅटरी आत्ताच तीन फुटी लोखंडी स्टँडवर चढवा. चढवायला दोघं लागतील, आईबाबांना हात लावू देऊ नका.