‘बाप-लेक’ काढणारा ओझर

‘बाप-लेक’ ही जर्मन व्यंगचित्रकार एरिक ओझरची शब्दांशिवायची चित्रमालिका म्हणजे ‘निव्वळ बालरंजन’ असं कुणी कुणी म्हणतं, म्हणून थोडी भर घालतो. एरिक ओझर (जन्म १९०३) आधी ‘फोरवेर्ट्स’ या समाजवादी दैनिकात हिटलर-गोबेल्सवर व्यंगचित्रं काढायचा. नाझी सत्तेत आल्यावर त्याच्यावर व्यवसायबंदी आली. मग स्वतःच्या नावाची आद्याक्षरं आणि बालपणीचं गाव जोडून त्याने ‘ए. ओ. प्लाउएन’ हे टोपणनाव घेतलं आणि १९३४ ते ३७ बर्लिनच्या एका सचित्र साप्ताहिकात ‘बाप-लेक’ काढली.

माझं आवडतं चित्र: जेवायची वेळ झाली तरी मुलगा जमिनीवर पालथा पडून वाचतोय. बाप त्याला बोलवायला जातो. मुलगा टेबलाशी येऊन बसतो, पण आता बापाचाच पत्ता नाही. तो तिकडे त्याच पुस्तकात बुडालाय! किती माया आहे त्या रेषेत.

पुढे युद्धकाळात त्याने ‘दास राइश’ या नाझी साप्ताहिकासाठीही चित्रं काढली. हे मला फार टोचतं, पण लपवू नये. १९४४ मध्ये राजवटीविरुद्ध बोलल्याची चुगली झाली आणि त्याला व त्याचा मित्र एरिक क्नाउफला अटक झाली. खटल्याच्या आदल्या रात्री ओझरने कोठडीत जीव दिला. मित्र सुटावा म्हणून जाताना सगळा दोष स्वतःवर घेतला होता. तरी महिन्याभरात क्नाउफला मारलंच.