मदत हवी आहे: पद्मिनीचा पत्रा सडलाय, पॅच वाकतोय

नमस्कार मंडळी, वडिलांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी हाय, खानापूरच्या पावसात बाहेर राहून दाराखालचा पत्रा एवढा सडलाय की स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार गेला आणि आतनं गंजाची भुकटी सांडली. आधी कुणीतरी नुसती पुट्टी थापून वर रंग मारलेला, काय बोलायचं. मी सडकं कापून, पुठ्ठ्याचा साचा काढून २० गेज जाडीच्या पत्र्याचा पॅच (ठिगळ) हातानंच ठोकून बनवला, पण मिगनं (तारेच्या वेल्डिंग मशीननं) सलग टाका ओढला आणि पत्रा तापून लाटेसारखा वाकला. आता लांब लांब ठिपके मारत, थंड करत जाऊ काय? आतल्या पोकळीत ब्रश पोचत नाही तिथं परत गंज धरू नये म्हणून काय मारता? बेळगावच्या उद्यमबागेत जुन्या गाडीचा पत्रा करणारं कोण असेल तर सांगा की ओ.