सोंग, ढोंग आणि अधिकार

रविवारी चर्चच्या उपासनेत बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २३ वा अध्याय झाला, तेव्हापासून एक शब्द डोक्यात बसलाय. 'अहो ढोंग्यांनो' असं प्रभू येशू शास्त्री-परूश्यांना, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या पंडितांना आणि नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाच्या लोकांना, परत परत म्हणतो. मूळ ग्रीक शब्द हुपोक्रितेस, त्याचा जुना अर्थ नाटकातला नट. मग मराठीत सोंगाडी का नाही घेतलं? मला वाटतं, सोंगी भारुडात समोर नाचणारा आपल्या गल्लीतलाच आहे हे सगळ्यांना माहीत असतं, त्यात कुणी फसत नाही, ढोंगात मात्र बघणाऱ्याला पत्ताच नसतो. म्हणून ढोंगी बरोबरच आहे, पण त्यात नट हरवला. मत्तय ६ मध्ये लोकांनी बघावं म्हणून चवाट्यावर उभं राहून प्रार्थना करणारे आहेत ना, त्यांना प्रेक्षक लागतातच. तुम्हाला काय वाटतं सांगा की ओ.

उत्तर : ताई, दांभिक म्हटलं तर प्रेक्षक येतात, कारण दंभ म्हणजे देखावाच. पण शब्द पुस्तकी आहे, संतापलेला माणूस 'अरे दांभिका' म्हणत नाही, 'अरे ढोंग्या' म्हणतो, आणि 'आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ' या येशूच्या वचनात तेच आहे. फक्त परूशी म्हणजे ढोंगी असं सरसकट बोलू नका. रात्री येशूला भेटायला आलेला निकदेम परूशी, प्रेषितांची बाजू घेणारा गमलिएल परूशी, प्रेषित पौलानं तर यहुद्यांच्या न्यायसभेत उभं राहून 'मी परूशी आहे' म्हणून सांगितलं.

दादा, हे पटलं, मीपण तसं बोलत आलेय, आता नाही बोलणार. पण मला खरं तर अधिकार या शब्दाबद्दल बोलायचंय. ग्रीकमध्ये एक्सूसिया, म्हणजे मुभा, हक्क, दुसऱ्यानं दिलेला. सामर्थ्याला वेगळा शब्द आहे, दुनामिस. मत्तय ७ च्या शेवटी लोक थक्क होतात कारण येशू शास्त्र्यांसारखा नाही तर अधिकार असल्यासारखा शिकवतो, आणि त्याच्याकडं तर हुद्दा कसलाच नव्हता. उलट २३ व्या अध्यायात तो म्हणतो की हे शास्त्री-परूशी मोशेच्या आसनावर, म्हणजे नियमशास्त्र शिकवायच्या जागेवर बसलेत, सांगतील ते पाळा, पण करतात तसं करू नका. म्हणजे खुर्चीचा मान ठेवला आणि माणसाला धरलं!

आपल्या मराठीत हे दोन्ही अर्थ आधीपासून आहेत. ऑफिसातला अधिकारी वेगळा आणि 'त्यांचा अधिकार मोठा आहे' म्हणतो तो वेगळा, तो ऑर्डर काढून मिळत नाही. एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बघितलंय, वडील (चर्चचे पंच) म्हणून निवडून आलेले गृहस्थ पुढच्या बाकासाठी भांडले, आणि आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळतात. कुणी रडत आलं की सूप बाजूला ठेवतात, तंबाखूचे हात धुतात, मग डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. कमिटीत त्या कधीच नव्हत्या, पण पाळकसाहेबांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, आई आजारी पडली तेव्हा साहेब स्वतः त्यांच्या दारात आले, 'मावशी, तुमचा अधिकार आहे, तुम्ही चला' म्हणाले. इथं सत्ता हा शब्द घालून बघा, वाक्यच मोडतं.

तुमच्याकडं अजून असं बोलतात का, 'अधिकार आहे' म्हणून?