काचेच्या थरांत पारिजातक: काच कोणती घेऊ?

काचवेडी:
२०१५च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये शिल्पकार डस्टिन येलिनची काचेतली माणसं पाहिली. मासिकांतली कात्रणं आणि रंग, काचेच्या थराथरांवर. समोरून अख्खं माणूस, कडेने पाहिलं की नुसते थर. तेव्हापासून मनात आहे, आमच्या वाड्यातला पारिजातक असा करायचा. वाडा पाडला तेव्हा झाडही गेलं. १० बाय १२ इंचाच्या, ४ मिमीच्या आठ काचा रंगवल्या. सुट्या छान दिसतात, एकामागे एक लावल्या की पांढऱ्या पाकळ्या शेवाळल्यासारख्या दिसतात आणि मागचं सगळं अंधारतं. रंग बदलू का?

चौकटवाला:
ताई, रंग बदलू नका, काच बदला. साध्या काचेत लोहाचा अंश असतो. एका काचेत तो हिरवटपणा जाणवत नाही, आठांत साठत जातो. दुकानात 'एक्स्ट्रा क्लिअर', म्हणजे कमी लोहाची काच मागा आणि कड बघूनच घ्या, साध्या काचेची कड गर्द हिरवी असते. अंधाराचं कारण वेगळं. प्रत्येक काच दोन्ही पृष्ठांवरून मिळून सुमारे ८ टक्के उजेड परत फेकते, म्हणजे मधे हवा ठेवून आठ काचा लावल्या तर पलीकडे जेमतेम निम्मा पोचतो. म्हणून खालून किंवा मागून दिवा द्याच. रंगवण्याआधी स्पिरिटने पुसा, बोटाचा तेलकटपणा राहिला तर रंग सुटतो. आणि स्टँड भक्कम हवा, नुसत्या काचाच सहा किलोच्या वर जातात.

जर्सीकर:
येलिनच्या काचा चिकटवलेल्या असतात, एकेक माणूस साधारण १,३०० किलोंचं. घरी तो नाद नको. बीजिंगचे शिया शियाओवान यांची कामं बघा, ते काचांमध्ये मोकळी जागा ठेवतात. एकच देह अनेक काचांवर वाटलेला, प्रत्येकीवर थोडासाच. तुमच्याही पुढच्या काचा जवळपास रिकाम्या हव्यात. काच कापण्याआधी ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर, करून बघा. इकडे आलात तर ब्रुकलिनच्या रेड हुकमधलं पायोनियर वर्क्स चुकवू नका, येलिननेच सुरू केलेलं कलाकेंद्र आहे.

काचवेडी:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री ओएचपीवर एकच फूल केलं. पाकळ्या पुढच्या शीटवर, केशरी देठ तिसऱ्यावर. मान किंचित कलली की देठ पाकळ्यांमागून डोकावतो. आईला दाखवलं, तिने शीटखाली ओंजळ धरली. उद्या एक्स्ट्रा क्लिअर आणायला जातेय.