टॉमी जॉन डॉक्टर नव्हता!

कुणीतरी 'टॉमी जॉन सर्जरी' (कोपराच्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचं टेंडन बसवायचं ऑपरेशन) त्या नावाच्या डॉक्टरची असं लिहिलंय. नाही हो, टॉमी जॉन पेशंट! डॉक्टरचं नाव फ्रँक जोब.

जॉन बेसबॉलमधला डावखुरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाचा. 1974 चा सीझन त्याचा झकास चालला होता, पिचर म्हणून नावावर 13 विजय आणि फक्त 3 पराभव. जुलैत एक बॉल टाकताना डाव्या कोपराचं लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधणारा पट्टा) गेलं. तेव्हा याचा अर्थ सरळ होता, पिचरने घरी बसायचं. जोबनी सप्टेंबरमध्ये त्याच्या उजव्या मनगटातलं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून डाव्या कोपरात बसवलं. ते टेंडन बघायचंय? अंगठा आणि करंगळी टेकवा, मनगट थोडं आत वाकवा. मधोमध जी दोरी उठते, तीच. काहींना ती नसतेच, आणि काही अडतही नाही. (माझ्या एका हाताला आहे, दुसऱ्याला नाही. आत्ताच पाहिलं.)

1975 पूर्ण वाया गेलं. 1976 मध्ये गडी परत आला आणि 1989 पर्यंत टाकत राहिला. एकूण 288 विजय, त्यातले 164 ऑपरेशननंतरचे! त्याची मदार वेगावर कधीच नव्हती. खाली बसणारा सिंकर टाकायचा आणि बॅटर जमिनीलगत मारून आउट व्हायचे.

त्याच डॉजर्सचा डावखुरा सँडी कोफॅक्स 1966 मध्ये 27 सामने जिंकून कोपराच्या संधिवातामुळे तिशीतच थांबला होता. जॉन शेवटचा खेळला तेव्हा 46 वर्षांचा होता.