उत्तर: ३० अँपच्या कंट्रोलरवर ६०० वॅटचे पॅनल

वर विचारलंय की १२ व्होल्टची बॅटरी, १०० व्होल्ट ३० अँपचा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढून बॅटरी चार्ज करणारा सोलर कंट्रोलर) आणि ३०० वॅटचे दोन सोलर पॅनल लावले तर कंट्रोलर जळेल का. वॅट जास्त झाले म्हणून जळत नाही, चांगला एमपीपीटी ३० अँपच्या वर करंट देतच नाही, म्हणजे १४.४ व्होल्टला साधारण ४३० वॅट घेतो आणि बाकीचे पॅनलवरच सोडून देतो. ढगाळ दिवसात, सकाळ-संध्याकाळी या जास्तीच्या वॅटचाच फायदा होतो.

खरी भीती व्होल्टेजची आहे, तिथे कंट्रोलर काहीच अडवू शकत नाही, १०० व्होल्टची मर्यादा ओलांडली की गेलाच! पॅनलचा ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच जोडलेलं नसताना मिळणारा) ४० असेल तर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, दोन जोडले की ८०, पण तो आकडा २५ डिग्रीचा असतो आणि थंडीत दर डिग्रीला अंदाजे ०.३ टक्के वाढतो, म्हणजे शून्य डिग्रीला ८६. चालेल. तिसरा मात्र सिरीजमध्ये जोडू नका, प्लीज.

मॅन्युअलमध्ये पॅनलच्या शॉर्ट सर्किट करंटची (पॅनलच्या दोन्ही वायर थेट जोडल्यावर वाहणाऱ्या करंटची) मर्यादा वेगळी दिलीय का तेही बघा, आणि पीडब्ल्यूएम (साधा, स्वस्त प्रकारचा कंट्रोलर) असेल तर वरचा हिशोब लागू नाही, त्यात पॅनलचा करंट सरळ आतून जातो.